वाटीत काय होतं

॥ ॐ नमः शिवाय ॥

लातूर, दि. १२ एप्रिल

चि. सौ. देविका हीस शिवकांताचे आशीर्वाद.

तुझं पार्सल काल दुपारी पोहोचलं. नंतर वाद नको म्हणून पोस्टमनसमोरच फोडलं. निघालं ते असं: शंभर वेळा धुतलेल्या तुपाची बरणी एक, झाकण न उघडलेली. कोरफडीच्या गराची डबी एक, वास आलेली. ज्येष्ठमधाची पूड, पाव किलोला थोडी कमी. मऊ सुती पंचे दोन, घडी न मोडलेले. तुझ्या वडिलांनी नांदेडहून टपालाला एकशे अठरा रुपये भरले, पावती वर चिकटवलेलीच होती. माझे पाठवायचे शहाण्णव झाले होते. म्हणजे दोनशे चौदा रुपये घालून चार वस्तू होत्या तिथं आल्या.

तूप तरी परत पाठवायचं नव्हतंस. तांब्याच्या परातीत, एक धुणं आणि एक पंचाक्षरीचा जप, असं शंभरदा धुतलंय ते. दोन दिवस माझं मनगट वर होत नव्हतं. भाजलेल्या कातडीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि दुकानात ते मिळत नाही.

पंच्याच्या घडीत तुझी चिठ्ठी सापडली. "डॉक्टर विचारतात, वाटीत काय होतं? एवढंच लिहा." वर मायना नाही, खाली नाव नाही. बी.एड. झालेल्या मुलीने सासूला लिहायची ही रीत आहे का? मी मॅट्रिकच आहे, पण मायना चुकवलेला नाही. तू माझा फोन घेणं बंद केलंस म्हणून कागद काढावा लागला, नाहीतर हे सगळं दोन मिनिटांचं बोलणं होतं.

वाटीत काय असणार? हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, आंबेहळद, साय, चिमूटभर मंजिष्ठा. या घरात पन्नास वर्षं तेच लावतात. साबण आमच्याकडे कपड्यांना. साठी जवळ आली तरी माझ्या तोंडावर एक सुरकुती दाखव. झाडपाल्याने कुणाचं वाईट होत नाही. वाईट होतं ते माणसाच्या उतावीळपणाने. मी म्हटलं होतं मानेला लाव, मंगळसूत्राच्या साखळीने मान काळवंडली आहे. तोंडाला लाव म्हटलं नव्हतं. तोंडाला तू तुझ्या मनाने लावलंस.

आता सांगते तेवढं कर. उठल्यावर तांब्याच्या भांड्यातलं रात्रीचं पाणी घे. आंबट बंद, रात्रीचं दही बंद, दुपारची झोप बंद. कडुनिंबाची कोवळी पानं सात, उपाशीपोटी. आणि मनात राग धरू नको. रागाने रक्त तापतं आणि तापलेलं रक्त कातडीवरच उठतं. तुझी जखम भरत नसेल तर आधी तिथे बघ.

तुझ्या नणंदेचं, राजश्रीचं लग्न सात जूनला धरलंय हे तुला ठाऊक आहे. घरात सून नाही म्हणून उदगीरचे पाहुणे विचारून राहिलेत. तुझ्या आईला बरं नाही असं मी सांगितलंय, तेच तूही सांग.

मानेचा रंग आता कसा आहे ते मात्र नेमकं कळव. साल निघाली का, कितव्या दिवशी निघाली, खालून काय आलं, तांबडं की काळं. तोंडाचं नंतर लिहिलंस तरी चालेल.

शिवकांता

लातूर, दि. २४ एप्रिल

चि. सौ. देविका हीस आशीर्वाद.

उत्तर आलं. मानेबद्दल एक अक्षर नाही. उजव्या पापणीची सूज उतरत नाही, उजेडाकडे बघवत नाही, कशाने भाजलं ते कळल्याशिवाय डॉक्टर अंदाजाने औषध देतायत, आणि पुन्हा तेच: "रोजचं उटणं मी कालवायचे, आत्याबाई. ते आठ दिवस तुम्ही कालवून वर आणून दिलंत. वाटीत काय होतं?"

हो, मी कालवलं. त्यात काय गुन्हा झाला? तुझ्या शाळेच्या परीक्षा होत्या. पेपरांचे गठ्ठे घेऊन तू गच्चीवर बसायचीस, कुरडयांना राखण हवीच होती, म्हणून मी म्हटलं उटणंही तिथंच लाव, उन्हात सुकलं की गुण लवकर येतो. सून पेपर तपासते आणि सासू वाटी हातात आणून देते. अशी सासू लातुरात किती जणींना आहे ते तुझ्या आईला विचार.

शेवटच्या दिवशीचं तू लिहिलंयस की ऊन जास्त झालं. झालं असेल. मी खाली होते, तुला बोलवायला विसरले. पण तूही लहान नाहीस. राजश्री जिन्यातून ओरडली होती ते आठवतं का? "वहिनी, तू पण वाळवणात का? पलटी मारू का दुसऱ्या अंगावर?" आणि तू वरून, "मारा की नणंदबाई! तुमच्या रुखवतात मांडा मला, सासूबाई-स्पेशल कुरडई म्हणून!" गल्लीला ऐकू जाईल एवढ्या हसलात दोघी. हसणारी बाई भाजतेय असं कोण म्हणेल? मी वर आले तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "थोडी चुणचुण होऊन राहिली." मी म्हटलं, चुणचुण म्हणजे गुण. फोड दुसऱ्या दिवशी सकाळी आले.

तोंडाला का लावलं, हे तुझ्या नवऱ्याने, मन्मथने तुला विचारलं होतं. तू काय सांगितलंस तेही त्याने मला सांगितलं. वाटीत उरलं होतं, टाकायचं नाही असं आत्याबाईंनी शिकवलंय. खरं आहे, मी शिकवलंय. भात उरला तर सांडगे घालावेत, साय उरली तर तूप कढवावं. म्हणून काय वाटी पुसून तोंडाला लावायची? अक्कल नावाची चीज असते. काटकसर शिकवता येते, अक्कल येत नाही.

मन्मथने मलाही विचारलं, "आई, काय होतं त्यात?" मी म्हटलं हळद. त्याने माझ्याकडे बघितलं, ताट पुढे ओढलं आणि जेवला. पुन्हा विचारलं नाही. माझा मुलगा आहे तो, कुठे थांबायचं ते त्याला कळतं. या शनिवारी तो नांदेडला येणार नाही, मंगल कार्यालयाचं बघायचंय. पुढच्या शनिवारचं पुढे बघू. तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंस की बस रिकामीच असते चाकूरच्या पुढे, त्याला जागा मिळेल.

म्हणजे मानेचं. साल कितव्या दिवशी निघाली? काळं पडलं का? मन्मथ म्हणतो पडलंय. पण पुरुषाला रंगातलं काय कळतं. सगळीकडे सारखं आहे की मध्ये गडद आणि कडेला फिकं? आरशात न बघता तुझ्या बहिणीला, सिंधुला बघायला सांग आणि लिही.

रोज विभूती लावतेस का? डॉक्टरच्या मलमावरून नको, कपाळाला.

शिवकांता

लातूर, दि. २ मे

देविका,

तुझं पत्र वाचलं, ह्यांना दाखवलं नाही.

परवा प्रेमलाताई, राजश्रीच्या होणाऱ्या सासूबाई, बस्त्यासाठी उदगीरहून आल्या होत्या. साड्या काढून झाल्या, घरी चहाला टेकल्या. आल्या आल्या म्हणतात, "विहीणबाई, लग्नघरातून सूनच गायब? रुसली काय वो?"

मी म्हटलं, "तिच्या आईला बरं नाही."

"लई दिवस बरं न्हाई की वो! आमच्याकडं आई मेली तरी माहेरी आठ दिवसांच्या वर ऱ्हात न्हाईत," असं म्हणून त्या आपल्याच बोलण्यावर हसल्या. मग राजश्रीला जवळ बसवून तिच्या वेणीवरून हात फिरवला. "केस काय दाट हाईत पोरीचे! पण हळदीला वर बांध गं बाई. उष्टी हळद घेऊन आमच्या पाच जणी येणार, आणि आमच्यात बोट लावून सोडत न्हाईत. मान, पाठ, खांदे, सगळं माखतो. सूनबाईला कोरी ठेवत न्हाई आम्ही."

राजश्रीने माझ्याकडे बघितलं. मी चहा ओतत होते, अर्धा बशीत गेला.

अशा लोकांपुढे मी उभी आहे, आणि तू लिहितेस: "मी लग्नाला येणार. पदर घेणार नाही. कुणी विचारलं तर सांगेन, सासूबाईंनी वाटी दिली, वाटीत काय होतं ते त्यांनाच विचारा."

ये. कुणी अडवलंय? पण कार्यालयात पाय ठेवण्याआधी नीट विचार कर की मी काय सांगेन. मी रडेन. मला रडता येतं. मी सांगेन, काय करू हो, पोरीच्या अंगावर कोड होतं, आईबापांनी लपवून आमच्या गळ्यात बांधली, माझ्या मन्मथने तरी सांभाळली, आणि तिनं स्वतःच कसलंसं औषध आणून लावलं नि भाजून घेतलं. आता तिथं काळं झालंय. काळ्याच्या खाली आधी काय होतं ते कोण बघायला गेलंय? डॉक्टरचा कागद तू दाखवशील. कागद कोण वाचतं, देविका? लोक तोंड वाचतात.

आणि सिंधु अजून लग्नाची आहे. मोठीला कोड म्हटल्यावर धाकटीच्या दारात कोण येईल? पुस्तकात लिहिलंय की ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पुस्तक वाचणारे मुली बघायला येत नाहीत, त्यांच्या आया येतात.

मला हे करायला लावू नको. घरची गोष्ट घरात ठेव, लग्न होऊ दे, मग मी स्वतः येऊन तुला घेऊन जाईन.

मानेचं अजून कळवलेलं नाहीस. दोनदा विचारलं.

शिवकांता

लातूर, दि. ७ मे, बुधवार

चि. सौ. देविका हीस,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "कोड हा शब्द तुमच्या पत्रात कुठून आला, आत्याबाई? मी तर कधीच लिहिला नव्हता. राजश्रीला आहे का?"

कार्ड उघडं असतं. पोस्टमनने वाचलं असेल नसेल, देवाला ठाऊक. दार लावून बसले आणि पूजा राहिली. इष्टलिंग हातात घेतलं आणि तसंच परत वस्त्रात बांधून ठेवलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. आता लिहिते ते सगळं लिहिते.

आहे. मानेच्या मागे, केस सुरू होतात त्याच्या बोटभर खाली, रुपयाएवढा. संक्रांतीच्या आधी तिला तेल लावताना मला दिसला. आधी वाटलं पीठ लागलं असेल, पदराने पुसला. गेला नाही. तिला सांगितलं, उवांच्या औषधाचा डाग आहे. तिने दोन आरसे धरून बघितला. फेब्रुवारीत उदगीरचं स्थळ जमलं. तोवर तो दीड रुपयाएवढा झाला होता.

डॉक्टरकडे नेली नाही. इथल्या त्वचेच्या दवाखान्यात बाकावर बसलेली पोरगी संध्याकाळच्या आत उदगीरला पोचते. चाकूरला गंगम्मा आहे, बिदरकडून आलेली, ती झाडपाल्याचं देते. तिनं एक बी दिलं. दुधात भिजवून वाटायचं, लावायचं आणि सकाळच्या उन्हात बसायचं. म्हणाली, "पण अव्वा, बी जुनं असलं तर मेलेलं असतंय. पांढऱ्यावर लावून महिना वाट बघशील नि कळणार न्हाई. आधी चांगल्या कातडीवर बघ. तिथं काळं उठलं तर दवा जित्ता हाय. आणि ऊन एक माळ जप होईपर्यंत. जास्ती न्हाई. कातडं सुटतंय."

चांगली कातडी कुठून आणायची होती मी? स्वतःच्या हाताला लावून बघितलं. माझी म्हाताऱ्या चामड्याची, उन्हाने रापलेली, चार दिवसांत काही उमटलं नाही. राजश्रीसारखी तरुण कातडी हवी होती. घरात तशी दुसरी एकच होती.

तुझ्या मानेवर मी त्यासाठी लावून घेतलं. साखळीचा काळेपणा हे निमित्त. पहिले सात दिवस मी जिन्याच्या पायरीवर बसून एक माळ करायची आणि तुला हाक मारायची, ऊठ, धुऊन टाक. सात दिवस काहीही झालं नाही. मला वाटलं बी मेलेलं आहे, किंवा ऊन कमी पडतंय. आठव्या दिवशी मी चार माळा केल्या.

विसरले नव्हते. तिसऱ्या माळेला राजश्री तुला हाक मारायला उठली. ऊन जास्त होतंय एवढं तिला तोवर समजलं होतं. मी तिचं मनगट धरलं आणि चौथी माळ पुरी केली. तोंडाला तू लावलं आहेस हे मला वर आल्यावर दिसलं. तेव्हा बोलले नाही. बोलले असते तर का ते सांगावं लागलं असतं.

माफी मागत नाही. माफी मागितली की समोरचा माफ करायचं की नाही यातच अडकतो आणि विचारलेल्याचं उत्तर देत नाही, आणि मला उत्तर हवंय.

त्या बीचं नाव बावची. उटण्याच्या चार जिनसा पहिल्या पत्रात लिहिल्या त्या खऱ्या, ही पाचवी. वाटीत दोन चमचे होती. डॉक्टरला हा कागद दाखव, माझी हरकत नाही. मागच्या पत्रात सिंधुबद्दल लिहिलं ते करणार होते. आता करता येणार नाही, कारण हे पत्र तुझ्या हातात आहे.

माझ्याकडचं मी दिलं. आता तू सांग. साल कितव्या दिवशी निघाली? तांबडं किती दिवस होतं? काळं कितव्या दिवशी बसलं, आणि त्याच्या कडा बाजूच्या रंगात मिसळल्या की वेगळ्या दिसतात? मानेचं वेगळं लिही, तोंडाचं वेगळं लिही, दोन्हीकडे लेप सारखा जाड नव्हता. चार माळांना फोड आले तर दोन माळांना काय होईल, हे तुझ्या डॉक्टरला विचारून लिही.

काल राजश्रीला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "आई, वहिनीला लई दुखलं का गं?"

मी म्हटलं, "तुला नाही दुखणार. तुला मी मोजून बसवीन."

तर म्हणाली, "मला न्हाई बसायचं. मी त्यांना सांगून टाकते, मोडलं तर मोडू दे." चोवीस वर्षांची आहे, मोडणं म्हणजे काय ते तिला माहीत नाही. मला माहीत आहे. माझी थोरली बहीण हातावरच्या एका डागापायी चाळीस वर्षं आमच्या माहेरच्या स्वयंपाकघरात राहिली आणि तिथंच गेली. तिच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेत नव्हतं. मीही घेत नव्हते.

हळद सहा जूनला आहे. पंचवीस दिवसांत निभत असेल तर येत्या सोमवारी सकाळी मी राजश्रीला गच्चीवर बसवते. तिने नाही म्हटलं तरी बसवते, ती माझ्या शब्दाबाहेर नाही. तू उत्तर दिलं नाहीस तरी बसवणार आहे, फक्त मग अंदाजाने.

खरं लिही. एक दिवस इकडे-तिकडे लिहिलास तर तो तिच्या मानेवर उठेल, आणि तिने तुझं काही वाईट केलेलं नाही. तू खोटं लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे. पाच वर्षं घरात वागवलंय तुला, एक खोटं सापडलं नाही. दुसरी एखादी असती तर तिच्यावर करून बघायचा काही उपयोग नव्हता.

शनिवारपर्यंत इथं पोचेल अशा बेताने उलट टपालाने कळव. स्पीड पोस्टचं तिकीट आत घातलं आहे.

शिवकांता